कचकड्याची बांगडी

काचेची बांगडी शहाणी. ती आपणहून फुटते, आणि फुटली की "वाढली" म्हणून मोकळं व्हायचं. कुणाच्या माथी खापर नाही. पण मुरारीने शिमग्याला मुंबईहून बायकोसाठी आणली ती जपानी कचकड्याची. लालभडक, आणि हाताला लहान. त्याने ती उकळत्या पाण्यात टाकली, मऊ होताच ताणून तुळसाच्या हातात चढवली आणि वर गार पाणी ओतलं. बांगडी मनगटाला आवळून बसली. "ही जल्मात फुटायची नाय," असं सांगून तो गिरणीत परत गेला.

पुढे भाताच्या राबात जाळायला काटक्या तोडताना तुळसाच्या हातात काटा मोडला. हात पिकला, बांगडी मांसात रुतली, बोटं काळीनिळी पडली. दगडावर आपटूनही बांगडीला तडा जाईना.

"कापूया, आत्याबाय. नायतर हात जाईल."

"नवरा तिकडं यंत्राशी झुंजतोय, नि तू हिकडं त्याच्या नावाची बांगडी कापतेस?" सासू रंगूबाई म्हणाली. महाडच्या डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणे, तो आधी बांगडीच कापील. म्हातारी दुष्ट नव्हती. एकुलता एक मुलगा, आणि बांगड्या फोडायचा दिवस तिने स्वतः भोगलेला. तिनेच तोड काढली: कचकडा ऊन पाण्यात मऊ होतो ना, मग सवच्या ऊन झऱ्याच्या कुंडात जाऊ. देवाचं पाणी, हात भाजणार नाही.

पोलादपूरहून गाडी जुंपून दोघी सवला आल्या. तुळसा हात बुडवून बसली. हाताला सोसवेल एवढ्या ऊन पाण्याने कचकडा ढिम्म हलेना, आणि तो हलेल एवढ्या कढत पाण्यात हात शिजला असता. सूज मात्र वाढली.

तुळसाने सासूच्या चंचीतला अडकित्ता काढला. "तुमी कापा. तुमी आई हाव त्याची."

रंगूबाईने आपले भुंडे हात पदराखाली घेतले. "ह्या हातानं? नाय गो."

मग तुळसानेच पातं आत सारलं. रक्त आलं, कट्‌कन आवाज झाला आणि बोटांना मुंग्या आल्या.

"हात वाचला, बरं झालं," रंगूबाई डोळे पुसत म्हणाली. "पण आता माज्या पोराला काय झालं तर?"

तुळसाला संताप आला. नवऱ्याचा जीव काय मनगटाला बांधलेला असतो? पण परतताना मुंबईच्या उतारूंची मोटार वाटेत थांबली, तेव्हा शेवटचा माणूस उतरून कसलाही निरोप न देता आपल्या वाटेने जाईपर्यंत तिने श्वास रोखून धरला.