सोळावा की सतरावा

डार्ला सेडलाचेक ही वेस्टलिनच्या शाळेत गणित शिकवायची. पण गावात तिला ओळखत ते तिच्या व्हॉलीबॉलच्या अंदाजामुळे. नोव्हेंबर लागला की दर बुधवारी सकाळी गावच्या रेडिओवर मक्याचे आणि गुरांचे भाव सांगून झाले की डार्लाचा आवाज यायचा. देशभरातल्या कॉलेजांच्या मुलींच्या स्पर्धेत कोणाला कितवं मानांकन मिळेल, पहिल्या सोळांत कोण बसेल, हे ती सांगायची. सोळांत बसणाऱ्या कॉलेजाला पहिल्या दोन फेऱ्या स्वतःच्या हॉलमध्ये खेळायला मिळतात; बाकीच्यांनी बॅगा भरायच्या. नेब्रास्कात ही गोष्ट लोक पिकापाण्याइतकी मनाला लावून घेतात. मोटेलवाल्यापासून चर्चमध्ये दालचिनी रोल भाजणाऱ्या बायकांपर्यंत सगळे डार्लाच्या शब्दावर चालत.

मग दोन वर्षांपूर्वी ट्रीना हाउसरने तेच काम टीव्हीवर सुरू केलं.

ट्रीना परकी नव्हती. एके काळी दोघी गावच्या वेस्टलिन कॉलेजच्याच संघात होत्या. डार्ला सेटर, ट्रीना स्मॅशर. डार्लाने बोटांवर झेलून चेंडू अचूक जाळीवर ठेवायचा, आणि ट्रीनाने तो पलीकडे आदळायचा. टाळ्या आदळणारीला. कॉलेजच्या हॉलबाहेर अजून एक मोठा फोटो लावलेला आहे. त्यात ट्रीना हवेत आहे, हात मागे ताणलेला, चेहरा चमकतोय. खालच्या कोपऱ्यात कोणाची तरी बोटं दिसतात. ती डार्लाची. लेकीचा सामना बघायला जाताना डार्ला नेहमी दुसऱ्या दाराने आत जायची.

आणि एक गोष्ट तिने कधी कोणाला सांगितली नव्हती. तिचा बाप एमिल प्रत्येक सामन्याला यायचा. गावच्या धान्याच्या कोठीवर काम करणारा माणूस, आवाज असा की अख्खा हॉल दणाणायचा. आणि तो ओरडायचा ट्रीनासाठी. ट्रीनाला बघायला तिच्या घरचं कोणी येत नसे, म्हणून त्याला तिची दया यायची, हे डार्लाला तेव्हाही कळत होतं. कळून काही फरक पडत नव्हता.

आता ट्रीना लिंकन शहरात राहायची. केस छान कापलेले, टीव्हीवर बोलणं गोड. डार्ला महिनाभर डोकं खपवून जो अंदाज बांधायची, तो ट्रीना रंगीत तक्ते दाखवून चार वाक्यांत सांगून मोकळी व्हायची. गेल्या वर्षी दोघींचे अंदाज जवळजवळ सारखे निघाले, तर गावात लोक म्हणाले, "वा, आपल्या डार्लाचं ट्रीनाशी जुळलं." ट्रीनाचं डार्लाशी जुळलं, असं कोणी म्हणालं नाही.

यंदा वेस्टलिनचा संघ चांगला होता. डार्लाची लेक ब्रिन शेवटच्या वर्षाला होती, मागच्या रांगेत जमिनीवर अंग झोकून देऊन चेंडू वर काढणारी. पण नोव्हेंबरच्या मध्यावर एका दुबळ्या संघाकडून हे हरले आणि सगळी गणितं काठावर आली. डार्लाने पुन्हा पुन्हा मांडून बघितलं. कोणाशी खेळले, कोणाकडून हरले, बाहेर किती जिंकले. कसंही फिरवा, उत्तर एकच. सतरावा. एका जागेने हुकणार.

मंगळवारी संध्याकाळी ट्रीनाने टीव्हीवर सांगितलं, वेस्टलिन सतरावा. पहिली फेरी खेळायला बहुधा ओहायोला जावं लागेल.

बुधवारी रेडिओवर जाण्याआधी डार्ला कॉफी प्यायला नॉर्माच्या हॉटेलात थांबली. नॉर्माने कप भरला आणि सहज म्हणाली, "ट्रीनाने काल सांगून टाकलंच की सगळं. मग आज तू काय, तेच वाचून दाखवणार?"

नॉर्माच्या मनात काही नव्हतं. पण डार्लाने कप तसाच बाजूला सारला. पैसे ठेवून ती उठली.

स्टुडिओत ग्लेन नावाचा म्हातारा निवेदक होता. भाव सांगून झाल्यावर त्याने तिच्याकडे माइक वळवला आणि विचारलं, "ट्रीना म्हणते आपली पोरं ओहायोला जाणार. तुझं काय म्हणणं?"

समोरच्या कागदावर सतरा लिहिलेलं होतं. डार्ला म्हणाली, "सोळावा. घरीच खेळतील."

ग्लेनच्या भुवया वर गेल्या. कशावरून, असं त्याने विचारलं, तर तिने एका दमात कारणं दिली. निवड समिती शेवटच्या आठवड्याचा खेळ जास्त धरते, पश्चिमेकडचा अमुक संघ दमलाय, वगैरे. गणिताच्या बाईला खोटं गणित खऱ्यासारखं मांडायला काय वेळ लागतो. बाहेर येऊन गाडीत बसली तेव्हा तिला फार दिवसांनी मोकळं वाटलं. कोणी तरी तिच्या वाटेतून बाजूला झाल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंगचा सण. जेवायला तिघंच, डार्ला, ब्रिन आणि एमिल. एमिल आता ऐंशी उलटलेला, नाकाला ऑक्सिजनची नळी, सोबत छोटं नळकांडं. थंडीत बाहेर पडलं की त्याची छाती भरून यायची आणि पुढचे कितीतरी दिवस अंथरुणात जायचे. डॉक्टरांनी आणि त्याने मिळून ठरवलं होतं की हिवाळ्यात एकच खेप करायची. ब्रिनचा एक सामना.

टर्कीचा दुसरा तुकडा बाजूला सारून त्याने विचारलं, "मग कुठला धरू? परवाचा की पुढच्या आठवड्याचा?"

परवा, शनिवारी, मोसमातला घरचा शेवटचा सामना होता. शेवटच्या वर्षाच्या मुली घरच्यांचा हात धरून मैदानावर येतात, फुलं देतात, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात.

ब्रिन म्हणाली, "संघात सगळ्या ट्रीनाचंच वाचतायत. मी सांगितलं त्यांना, माझी मॉम म्हणते आपण घरीच खेळणार. तेव्हा जरा शांत झाल्या."

"फुलांचं काय घेऊन बसायचं," एमिल म्हणाला. "मला खरा सामना बघायचाय. जिंकलो तर पुढे, हरलो तर घरी, असा. पण तू सांग, डार्ला. पुढच्या आठवड्यात नक्की इथेच ना?"

इथे ती बोलू शकली असती. रेडिओवर काय ते बोलले, पण खरं असं आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. लेक तिच्याकडे बघत होती, बाप बघत होता. आणि तिच्या डोक्यात आलं ते एवढंच, की आता मागे फिरले तर ब्रिन उद्या संघात जाऊन सांगेल, ट्रीनाचंच बरोबर होतं.

"पुढच्या आठवड्याचा धर," ती म्हणाली आणि क्रॅनबेरीचा वाडगा त्याच्याकडे सरकवला.

शनिवारी बर्फ भुरभुरत होतं. डार्ला एकटीच ब्रिनला घेऊन मैदानावर आली. हॉल भरलेला होता. ब्रिनने फुलं आईच्या हातात ठेवली, तिला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "ग्रँडपाला पुढच्या आठवड्यात पहिल्या रांगेत बसवू." सामना मुलींनी सरळ तीन सेटमध्ये जिंकला. लोक येऊन डार्लाला सांगत होते की तुझ्या तोंडात साखर पडो, आम्ही तिकिटांचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. ती हसून मान हलवत होती. मनाच्या तळाशी एक आशा पण बसली होती. समित्या काय, चुकतातही.

रविवारी संध्याकाळी निवड जाहीर होते. कॉलेजच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता, टेबलांवर चिलीची, म्हणजे तिखट खिमा-राजम्याची पातेली आणि दालचिनी रोलच्या परातीच्या पराती. मुली सारखे शर्ट घालून पुढे खाली बसलेल्या. पडद्यावर एकेक गट उघडत गेला. यजमान कॉलेजांची नावं ठळक अक्षरांत. पहिल्या गटात वेस्टलिन नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात नाव आलं, पण ठळक नाही. कोणाच्या तरी खाली, पाहुणे म्हणून. केंटकीला जायचं होतं.

मुलींनीच आधी टाळ्या सुरू केल्या. स्पर्धेत तर होत्या. डार्लाच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर ओहायो नाही, केंटकी. म्हणजे ट्रीनाचंही पुरतं बरोबर नाही. एवढ्याशा गोष्टीने तिला बरं वाटलं. मग पुढच्या रांगेतून ब्रिन मागे वळून तिला शोधू लागली, आणि ते बरं वाटणं तिथेच विरलं. ब्रिनच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ग्रँडपाचं आता काय, एवढंच तिथे लिहिलेलं होतं.

गाडीत ब्रिनने विचारलं, "मॉम, तुला खरंच सोळावा वाटत होता?"

डार्लाने वायपर चालू केले, बंद केले. "अगदी काठावर होतं ते," ती म्हणाली.

 आईचं गणित ब्रिनला लहानपणापासून माहीत होतं.

एमिलने बातमी शांतपणे घेतली. "कधी कधी होतं असं," म्हणाला आणि ऑक्सिजनच्या नळकांड्याची चावी उगाच तपासली. त्याच्या खोलीत खुर्चीवर त्याचा जुना हिरवा स्वेटर घडी करून ठेवलेला होता, वेस्टलिनच्या रंगाचा. डार्लाने तो उचलून कपाटात ठेवला, तेही त्याने बघितलं.

केंटकीला डार्ला स्वतः गाडी चालवत गेली. पहिल्या सामन्याआधी हॉलच्या बाहेर कॉफीच्या रांगेत ट्रीना उभी होती. टीव्हीसाठी सामन्याचं वर्णन करायला आली होती. गळ्यात ओळखपत्र, हातात कागदांचा गठ्ठा. डार्ला वळून जाणार तेवढ्यात तिने हाक मारली.

"तुझ्यामुळे माझी झोप उडाली होती त्या आठवड्यात," ट्रीना म्हणाली. "तू सोळावा म्हणालीस म्हटल्यावर मी सगळं पुन्हा मांडलं. तीनदा. म्हटलं, डार्लाला दिसतंय ते मला का दिसत नाही."

"दिसत नव्हतं काही," डार्ला म्हणाली. तिला वाटलं ट्रीना टोमणा मारतेय. तसं असतं तर सोपं झालं असतं.

ट्रीनाने कॉफी घेतली, बाजूला झाली. मग जरा अडखळत म्हणाली, "एमिल बरा आहे ना? मी शुक्रवारी फोन केला होता त्याला. करते मी अधूनमधून. म्हटलं, शनिवारच्या सामन्याला जा, पुढचा घरी होणार नाही. ब्रिनला बघून घे."

 ट्रीना एमिलला फोन करते, हेच डार्लाला ठाऊक नव्हतं. जुनी जखम कोणी नखाने उचकटावी तसं झालं. तिच्या घरात, तिच्या बापाशी. "मग काय म्हणाला?"

"म्हणाला, डार्ला वेगळं सांगते. मी म्हटलं, माझ्या हिशेबाने तरी नाही. तर म्हणतो, ट्रीना बाळा, तू चेंडू छान मारायचीस, पण कुठे मारायचा ते डार्लाच ठरवायची. मी तिचंच ऐकणार." ट्रीना हसली. "आता मी यावर काय बोलणार होते."

ट्रीनाला आतून कोणी तरी बोलावलं आणि ती गेली. डार्ला भिंतीला टेकून उभी राहिली. इतकी वर्षं तिला जे ऐकायचं होतं ते हेच होतं. बापाने एकदा तरी ट्रीनाला बाजूला सारून तिच्याकडे बघावं. त्याने बघितलं होतं, आणि नेमकं तेव्हाच ती खोटं बोलली होती.

वेस्टलिनने पहिला सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी यजमानांशी पाच सेट झुंजून हरले. शेवटचा चेंडू वाचवायला ब्रिन लांबवर झेपावली, हात पोचला, पण चेंडू भलतीकडे गेला. ती पोटावर घसरत जाऊन तशीच थोडा वेळ पडून राहिली. तिच्या कॉलेजचा खेळ तिथे संपला, परक्या हॉलमध्ये, परक्या लोकांच्या आरडाओरड्यात.

घरी परतल्यावर डार्ला दुपारची एमिलच्या खोलीत गेली. त्याने सामना टीव्हीवर बघितला होता, आवाज बसलेला होता. एवढ्याशा छातीने किती ओरडला असेल कोण जाणे. ती खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "मी चुकले नव्हते, डॅड. मला माहीत होतं सतरावा आहे. ट्रीना सतरावा म्हणाली म्हणून मी सोळावा म्हटलं."

एमिलला समजायला वेळ लागला. मग चेहरा हळूहळू उतरला.

"चुकली असतीस तर मला काही वाटलं नसतं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"ती पोर फुलं घेऊन आली असेल ना? मी तिथे नव्हतो."

डार्लाने मान खाली घातली. एमिल खिडकीकडे वळला. मी तुला माफ केलं, असं काही तो म्हणाला नाही, आणि तिनेही माफी मागितली नाही. नंतर त्याने विचारलं, ब्रिनचे केस कसे बांधले होते, फुलं कुठली होती, कोण कोण उभं राहिलं. डार्लाने एकेक आठवून सांगितलं. मोटेलवाला रडला, हेही सांगितलं. मध्येच तो डोळे मिटायचा. झोपला असं वाटायचं, पण ती थांबली की म्हणायचा, पुढे.

सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "ट्रीनाला फोन लावून दे."

"कशाला?"

"तिला सांगायचंय, 'ट्रीना, तुझंच बरोबर होतं.' त्या दिवशी मी तिला जरा लागेल असं बोललो."

डार्लाने नंबर फिरवला आणि फोन त्याच्या हातात दिला. पलीकडून ट्रीनाचा आवाज आला, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच एमिलच्या चेहऱ्यावर हसू आलं. बसलेल्या आवाजात तो केंटकीच्या पाचव्या सेटबद्दल बोलू लागला, हात उडवून, जणू ट्रीनाने तो बघितलाच नव्हता. डार्लाच्या छातीत पूर्वीसारखंच टोचलं. काही कमी झालं नव्हतं. तिला उठून स्वयंपाकघरात जावंसं वाटलं, पण त्याची नळी वळून खुर्चीच्या पायाखाली अडकत होती. ती सोडवून सरळ धरून ती तिथेच बसून राहिली, त्यांचं बोलणं संपेपर्यंत.