नितळ

बाटली दोरीला बांधून पाण्यात सोडताना बाईंचा हात थबकला. नदीचा तळ दिसत होता.

एकोणीस वर्षं त्या रोज सकाळी पंपघराच्या पायऱ्यांवरून पाण्याचा नमुना घेत आल्या होत्या. वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना होता. माल सगळा परदेशी जायचा. डॉलर वधारला की मागणी वाढायची आणि नदी कधी निळी, कधी जांभळी व्हायची. बाई पेपर न उघडता डॉलरचा भाव सांगतात, अशी पंपघरात थट्टाच चालायची.

गेला महिनाभर डॉलर चढतच होता. कारखान्यात तिन्ही पाळ्या सुरू होत्या. आणि पाणी मात्र काचेसारखं.

तळाशी सायकलचं चाक, फुटक्या बरण्या, कुणाची तरी चप्पल, सगळं लख्ख दिसत होतं. शेवाळ म्हाताऱ्याच्या केसांसारखं पांढरं पडलेलं. त्यात मासे आडवे पडले होते, डोळे उघडे, सगळ्यांची तोंडं पायऱ्यांकडे. काठावर एकही पाखरू नव्हतं. बाईंना स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला. तो त्याच कारखान्यात रंगारी.

"अहो, पाण्यात काय सोडलंत?"

"रंग घालवायचं औषध. परदेशी गिऱ्हाईक येतंय ना आज नदी बघायला." तो घुटमळला. "माझ्या हातांचा रंगसुद्धा गेला गं. नखं पांढरीफटक झालीत. तू मात्र गप्प राहा. ही ऑर्डर गेली तर आम्ही सगळे घरी बसू."

फोन ठेवून बाई आत गेल्या आणि शहराला पाणी देणारा पंप बंद केला.

तासाभरात पाणीखात्याचे साहेब धापा टाकत आले.

"कुणाला विचारून बंद केलात? शहर बोंबलतंय! इतकं स्वच्छ पाणी उभ्या जन्मात पाहिलं होतंत का?"

"नव्हतं पाहिलं. म्हणून तर बंद केला."

"अहवाल येऊ दे, मग बघू. चालू करा आधी."

"अहवालाला चार दिवस लागतात साहेब. तोवर लोक हेच पिणार."

बाईंनी एक ग्लास भरला, बाहेरून पुसला आणि पुढे केला. "एक घोट घ्या. मग मीच चालू करते."

साहेबांनी ग्लास उजेडात धरला. गाळ नव्हता, वास नव्हता. तो ओठांशी नेता नेता त्यांची नजर पायऱ्यांखाली गेली. मासे तिथे तसेच आडवे पडले होते. मग ग्लास कठड्यावर ठेवून पुटपुटले, "टँकर मागवतो." जाताना म्हणाले, "तुमच्यावर कारवाई होणार, बाई. माझाही इलाज नाही."

"ठाऊक आहे."

दुपारी पलीकडच्या काठावर परदेशी पाहुणे आले, नितळ पाण्याचे फोटो काढून हसत निघून गेले. बाईंनी रोजची वही उघडली. रंग: नाही. वास: नाही. पिण्यास योग्य: नाही. खाली सहीच्या जागी रोज त्या नुसती आद्याक्षरं खरडत. आज सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.