पडद्यावरचा पूल

"अहो, सरका! मागून गाडी येतेय!"

पेंटर सरकले नाहीत. पुलाच्या ऐन मध्यावर, एक डोळा मिटून, हात लांब करून आणि अंगठा उभा धरून ते उभे होते. गाडीवाल्याने करकचून ब्रेक दाबला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पेंटरांनी अंगठा न हलवता दुसऱ्या हाताने त्याला 'जरा थांब' अशी खूण केली.

शेवटी पेंटरीणबाईंनीच त्यांना दंडाला धरून कठड्याकडे ओढलं.

"मरायचंय का तुम्हाला?"

"इथनं मनोरा दिसत नाही," पेंटर म्हणाले. जणू मनोरा बाईंनीच पिशवीत लपवला होता!

"आणि पुलावर उभं राहून पूल कसा दिसायचा हो?"

"ते मला कळतंय. मी फक्त कोन बघतोय."

कोन! सकाळपासून बाईंनी या कोनाचा इतका धसका घेतला होता की शब्द ऐकला तरी टाचा ठणकायच्या. गावातून शहर बघायला एका दिवसाच्या सहलीची बस निघाली होती. बसमधली बाकीची माणसं राजवाडा बघत होती, प्राणी बघत होती, मोठमोठ्या दुकानांत शिरत होती. आणि हे दोघं या पुलापासून त्या घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत आणि मनोऱ्यापासून परत पुलापर्यंत, घाण्याला जुंपल्यासारखे.

पेंटर म्हणजे काही मोठे चित्रकार नव्हेत. दुकानांच्या पाट्या, ट्रकची मागची फळी, शाळेच्या भिंतीवरची सुवचनं, हा त्यांचा धंदा. गावात त्यांना सगळे पेंटर म्हणत, म्हणून या पेंटरीणबाई. पण तरुणपणी त्यांनी एक मोठं काम केलं होतं. गावातल्या फोटो स्टुडिओसाठी त्यांनी भिंतभर पडदा रंगवला होता. डावीकडे घड्याळाचा मनोरा, उजवीकडे दगडी कमानींचा पूल, खाली नदी. शहर त्यांनी पाहिलं नव्हतं. बिस्किटांच्या एका डब्याच्या झाकणावर या शहराचं चित्र होतं, ते बघून रंगवलं. तो डबा गंजून केव्हाच भंगारात गेला. पडदा मात्र राहिला. लग्न झालं, की जोडपं त्या पडद्यापुढे उभं राहायचं. पोर बसायला लागलं, की त्याला त्या पडद्यापुढे बसवायचं. ज्यांना शहर बघायला मिळालं नाही, त्यांच्या भिंतीवर निदान शहरातला फोटो होता.

आणि महिन्याभरापूर्वी गावातला सलूनवाला शहरात मुलाकडे राहून आला. आल्या आल्या भरल्या दुकानात त्याने जाहीर केलं, "पेंटर, तुमचा पडदा खोटा आहे. मनोरा एकीकडे, पूल एकीकडे. दोन्ही एकत्र दिसतच नाहीत. आम्हाला सगळ्यांना उल्लू बनवलंत राव!" लोक हसले. पेंटर अर्धवट दाढी केलेल्या गालाने उठून घरी आले. त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना. स्वतः शहरात जायचं, ती जागा हुडकायची आणि सलूनवाल्याला दाखवायचं, हा सूर्य हा जयद्रथ. एवढ्यासाठी ही सहल.

बाईंना पडद्याचं वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण माणसाने किती ताणावं! त्यांना स्वतःला एकच हौस होती. नदीत बोट चालायची, त्या बोटीत एकदा बसायचं. त्यांच्या गावाला नदीच नव्हती. निघताना पेंटर म्हणाले होते, "बसवतो की, त्यात काय!" आता ऊन उतरायला लागलं होतं आणि बसायचं नाव नव्हतं.

मनोऱ्याच्या पायथ्याशी गेलं की मनोरा डोक्यावर यायचा आणि पूल झाडांमागे जायचा. बागेत गेलं तर मध्ये कचेरीची इमारत. पेंटर एका बाकावर चढले, तर रखवालदाराने शिट्टी मारून उतरवलं. मग एका दवाखान्याच्या जिन्यावर गेले, तर तिथे परिचारिकेने विचारलं, "पेशंट कोण आहे?" बाईंच्या तोंडावर आलं होतं, 'हेच!' पण त्या नुसत्या हसल्या.

चहाच्या टपरीशी आल्यावर मात्र त्यांनी फतकल मारली.

"आता मी उठायची नाही. पायांचे तुकडे पडलेत माझे."

"हे एवढं वळण बघू. नदी तिथं वळते ना, त्याच्या पलीकडं—"

"तुमचं ते वळण गेलं खड्ड्यात! बोट कधी दाखवताय?"

"बोटीत काय आहे? पाणी. पाणी काय घरी नाही?"

"घरी बादलीत आहे!" बाई ओरडल्या. टपरीवाला हसू दाबत कप विसळायला लागला. "मी काही मागितलं का तुमच्याकडं आजवर? तुमचे रंगाचे कपडे धुवून धुवून माझे हात सोलले, कधी बोलले का? एक बोट मागतेय!"

पेंटरांनी चहा एका घोटात संपवला. समोरच्या उंच हॉटेलाकडे बघत ते म्हणाले, "तू जा बोटीत. मी त्या गच्चीवर जाऊन बघतो. तिथनं दिसायलाच पाहिजे."

"एकटी जाऊ?"

"मग काय वरात काढू?"

बाई उठल्या त्या रागानेच. धक्क्यावर शेवटची बोट सुटायच्या बेतात होती. मागे न बघता त्या चढल्या आणि कडेच्या फळीवर बसल्या. बोट हलली तशी त्यांनी फळी घट्ट धरली. मग वारा लागला, तोंडावर दोन थेंब उडाले, आणि बाईंना अगदी पोरीसारखं हसू फुटलं. पाण्यात हात घालून बघितला. गार होतं. बरं झालं नाही आले ते, त्यांच्या मनात आलं. आले असते तर इथेही अंगठा धरून बसले असते.

बोट मधोमध आली आणि वळणाशी जरा तिरकी झाली. बाईंनी मान वर केली.

डावीकडे घड्याळाचा मनोरा. उजवीकडे कमानींचा पूल. मध्ये झाड नाही, कचेरी नाही, काही नाही, नुसतं पाणी. अगदी तस्सं. मनोऱ्याच्या पायाशी पुलाचं टोक जिथे पडद्यावर टेकायचं, तिथेच टेकलं होतं. पडद्यावरच्या याच पुलापुढे त्या स्वतः नवी नवरी म्हणून उभ्या राहिल्या होत्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि मग एकदम उभ्याच राहिल्या. "अहो! अहो, इकडं बघा! आहे! आहे हो!"

"मावशी, बसा, पडाल!" बोटवाला ओरडला.

शेजारी एक तरुण जोडपं होतं. मुलाच्या गळ्यात कॅमेरा होता. बाईंनी त्याला ढोसलंच. "काढ, बाबा, काढ! तो पूल आणि मनोरा, दोन्ही एकदम! लवकर!"

"रोल संपलाय हो मावशी. हिचेच काढण्यात गेला सगळा."

बोट सरळ झाली. पूल झाडांमागे गेला.

धक्क्यावर उतरल्या त्या पळतच. पेंटर पायरीवर बसले होते. गुडघ्यांवर हात, नजर खाली. बाईंनी त्यांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"दिसलं! अहो, दिसलं मला! नदीच्या मध्यातून दिसतं, दोन्ही, अगदी तुमच्या पडद्यासारखं!"

पेंटरांनी वर बघितलं. "बस जरा. धाप लागलीय तुला."

"मी काय सांगतेय?"

"मी वरून बघितलं गं. गच्चीवरून सगळं शहर दिसतं. मनोरा इकडं, पूल पार तिकडं. मान वळवावी लागते. सलूनवाला खरं बोलला."

"खोटं बोलला मेला! देवाशपथ सांगते. या, याला विचारा." त्यांनी पेंटरांना ओढत बोटवाल्याकडे नेलं. तो दोर गुंडाळत होता. "सांग रे बाबा, तिथून दोन्ही दिसतात की नाही?"

"दिसतात की," तो म्हणाला. "आमच्या बोटीतून सगळंच दिसतं."

"बघा!"

पेंटर हसले. थकलेलं हसू. "किती धावाधाव करशील माझ्यासाठी? त्यालाही पढवलंस."

"मी पढवलं? मी?" बाई बोटवाल्याकडे वळल्या. "दादा, आणखी एक फेरी मार, यांना दाखव."

"शेवटची झाली मावशी. आता सकाळी."

आणि सकाळी कुठले ते इथे? रस्त्याच्या पलीकडे त्यांची बस हॉर्न देत उभी होती.

"चल," पेंटर म्हणाले. त्यांनी बाईंच्या हातातली पिशवी घेतली. "तुझं काय, तुला माझी वाकडी पाटीसुद्धा सरळच दिसते. तेवढं पुरे मला. गेलो की पडदा उतरवायला सांगतो. लोकांना कशाला फसवायचं?"

"त्या पडद्याला हात लावाल तर बघा! अहो, मी डोळ्यांनी बघितलंय!"

"बरं, बरं. तू म्हणतेस तर असेल."

तू म्हणतेस तर असेल! जन्मभर बाई वाट बघत होत्या या वाक्याची. मिठाच्या बरणीवरून भांडणारा माणूस, मुलीचं स्थळ एकट्याने ठरवणारा माणूस, आज हुज्जत न घालता ऐकतो आहे. आणि बाईंना तो जरासुद्धा सहन होईना.

बसमध्ये पेंटर बाजूला होऊन थांबले. "खिडकीशी बस तू," ते म्हणाले. आजवर कुठल्याही गाडीत त्यांनी खिडकीची जागा कुणाला दिली नव्हती, पोटच्या पोरीलासुद्धा नाही.

"मला नको खिडकी! तुम्ही बसा."

"बस गं."

बाई बसल्या. गाडी सुटली तशा पुन्हा वळून म्हणाल्या, "डावीकडं मनोरा, उजवीकडं पूल. मध्ये एक पान नाही. ऐकताय ना? पुलाचं टोक मनोऱ्याच्या पायाशी टेकतं. मी काय आंधळी आहे का?"

"नाही गं."

"मग खोटारडी आहे?"

"नाही."

"मग भांडा की हो माझ्याशी! म्हणा की, तुला काय कळतं! अहो, काहीतरी बोला!" बाईंचा आवाज फाटला. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

पेंटरांनी त्यांच्या अंगावरून हात लांब केला आणि खिडकीची काच हळूच लावून घेतली.

"वारा लागेल तुला," ते म्हणाले.