रामलिंगभाऊजींची आपोआप गाडी

मला तर आधीच शंका आली. परसातला पेरू सकाळी पाल्यानं भरलेला होता. पीराची कंदुरी झाली, बोकडाच्या पंगती उठल्या, अन् बगते तर खालच्या फांद्या पार ओरबाडलेल्या. मटणावर कुणी पेरूचा पाला खातंय का? तोंडाचा वास मारायला खातात. अन् माझे धाकटे दीर, रामलिंगभाऊजी, ओसरीवर बसून शेळीवानी चघळून राहिले होते.

त्यांच्याच गाडीत माझी साक्षी रेणापुरातून नांदेडला जायची होती. उद्या नऊला तिचा पेपर, होस्टेल तिथंच. मागच्या महिन्यातबी त्यांनीच सोडलं होतं.

"भाऊजी, घेतलीय का?" मी सरळच विचारलं.

"छ्या! वहिनी, वाढून वाढून घाम फुटलाय नुसता." डोळे मात्र लालभडक.

"तोंड उघडा बरं."

"अन् समजा घेतली जराशी," ते हसले, "तर काय बिघडलं? ही गाडी आपोआप चालती. रस्त्यावरचा पट्टा धरती, पुढं ट्रक दिसला की ब्रेक मारती. मी नुसता बसतो. पोलिसानं नळीत फुंकायला लावलं तर सांगणार, साहेब, मी पाशिंजर हाय, गाडीला फुंकायला लावा!"

आमचे मालक, अण्णाराव, खो खो हसले. भावाचं त्यांना काहीबी गोड. "जाऊ दे की सिंधु. पाव्हण्यांत तमाशा कामून करून राहिली?"

माझं डोस्कंच फिरलं. लेक काय माझ्या एकटीची हाय?

"पाशिंजर ना? मग मागं बसा," म्हणलं. "पुढं मी बसते."

"तुम्हाला कुठं चालवता येतंय?"

"मला कशाला यायला पाहिजे? गाडी चालवती म्हणता."

"तसं न्हाई वहिनी. पुढं लायसनवाला माणूस लागतोच."

"गाडीला न्हाई का लायसन?"

"गाडीला कसं असंल? माणसाला असतंय."

"मग पोलिस धरणार ते माणसालाच की! अन् गाडीनं कुणाला उडवलं तर? गाडीला कोठडीत टाकणार हाईत का?"

भाऊजींचं चघळणं थांबलं. मग एकदम म्हणले, "साक्षी, सांग गं तुझ्या आईला. मागच्या टायमाला कसं मजेत गेलो आपण."

साक्षी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली. एरवी या पोरीचं तोंड मिटत न्हाई. मी तरातरा गाडीकडं गेले अन् ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"वहिनी, हात लावू नका तिथं!" भाऊजी धावलेच.

स्टीअरिंगला पाण्याची भरलेली बाटली बांधलेली होती, एका अंगाला. अन् बांधली कशानं? गुलाबी ओढणीनं. तिची टिकल्यांची किनार मी माझ्या हातानं लावलेली. होस्टेलवर हरवली म्हणून पोरीनं सांगितलं होतं, अन् मी तिला वेंधळी म्हणून नको नको ते बोलले होते.

"स्टीअरिंग सोडलं की गाडी ओरडती," साक्षी हळूच म्हणली. "वजन बांधलं की तिला वाटतंय हात हाय. काकाला झोप येऊन राहिली होती, वास पण येत होता. त्यानं ओढणी मागितली. म्हणला, आईला सांगितलंस तर ती तुझं कॉलेज बंद करंल."

"अन् झोपला?"

"अहमदपूरपासून. लोह्यात हॉर्न वाजला तवा उठला."

"मग तवर गाडी कोण चालवत होतं गं?"

साक्षीनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "कुणीच न्हाई, आई."

मालक ओसरीवरून खाली उतरले, भावाच्या पुढं हात केला. "चावी दे." भाऊजींनी निमूट दिली. मग मालक मला म्हणले, "तिची बॅग घे. आपण दोघंबी जाऊ तिच्यासंगं, एस.टी.नं."

मी हूं म्हणलं अन् ओढणी सोडाया लागले. गाठ लई पक्की बसली होती. शेवटी दातानं सोडली.