दोराचा तुटलेला पदर

मी दोर बोलतोय. अंबाडीच्या वाखाचा, तीन पदरांचा. हल्ली म्हशीच्या गळ्यात असतो, पण माझी उमर उंच झाडांवर गेली. उंचीची भीती मात्र कधी गेली नाही.

मला लिंबाजीनं स्वतः वळलं. पेडगावच्या आसपास मोठी झाडं उतरवायला तोच. उतरवायची म्हणजे शेंड्यापासून खाली, एकेक फांदी तोडत. मी त्याच्या कमरेला आणि खोडाला वेढा घालून असायचो. तो एकटाच चढायचा. खाली माणूस उभा केला की जीव त्याच्यात अडकतो आणि हात चुकतो, असं त्याचं म्हणणं. बायको पंचफुला रोज सकाळी मला तळहातातून सरकवून बघायची, मगच त्याच्या खांद्यावर द्यायची.

चौऱ्याहत्तर साली गावात विजेच्या तारा यायच्या होत्या. वाटेत जुनी चिंच होती. पहिल्याच दिवशी कुऱ्हाड निसटली आणि खोडामागं माझा एक पदर अर्धा कापला गेला. लिंबाजीला ते दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पंचफुला पहाटेच खुरपायला गेली होती, त्यामुळं मला कुणी बघितलंच नाही. मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

लिंबाजी चाळीस फुटांवर गेला. फांदीला आधी खालून खाच घेतली, म्हणजे ती साल सोलत अंगावर येत नाही. मग मागं रेलून वरून घाव घालू लागला. सगळा भार माझ्यावर. प्रत्येक घावाला वाटायचं, आता मी सुटतो.

दहाव्या-बाराव्या घावाला पदर तुटला. चट्ट आवाज झाला.

त्याचा हात हवेतच थांबला. कुऱ्हाड फांदीत रुतवून त्यानं खोडाला मिठी मारली आणि मला चाचपलं. माझा न कापलेला भाग कमरेला घ्यायचा तर आधी मला सोडायलाच हवं होतं. दुसरा दोर द्यायला खाली चिटपाखरू नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि गाठ सोडली. मी त्याच्या खांद्यावर नुसता लोंबत होतो. त्यानं मांड्यांनी खोड आवळून धरलं होतं. गाठ पुन्हा बसेपर्यंत मी जेवढा भ्यालो, तेवढा कधीच भ्यालो नव्हतो. मग तो हळूहळू खाली उतरला.

संध्याकाळी पंचफुलाचा हात तुटल्या जागी थांबला.

"एकट्यानं जायाचं तर जावा," ती म्हणाली, "पर दोर मला दाखवल्याबिगर न्हाई." आणि विळ्यानं तिनं माझे दोन तुकडे केले.

आता नवा दोर वर जातो. मी दावणीला दिवसभर लिंबाजीची वाट बघतो. नव्या दोरा, तुला एकच विनवणी आहे. कुठं कापला गेलास तर लाजून लपू नकोस, पंचफुलाच्या हाताला लाग. तुटायचंच असेल तर त्याला ऐकू जाईल असा तूट, आणि तुटल्यावरही त्याला धरून ठेव.