ढोलकी गप्प होते

“भेट की सगळ्यांना. पण घरी येताना तेवढी तूच ये, सोबत काही आणू नकोस.”

आईचं फोनवरचं बोलणं आठवलं आणि गच्चीच्या दारावरचा तिचा हात थबकला. वसतिगृहात तिला सगळ्या ढोलकी म्हणत. ती कुजबुजली तरी खालच्या मजल्यावर ऐकू जाई. उद्या ती घरी निघणार होती. बाबांची फुप्फुसं आधीच पोखरलेली, दोन वाक्यं बोलले तरी धाप लागायची. साथ ओसरेपर्यंत त्यांना खिडकीच्या काचेतूनच भेटेन, असा तिनं आईला शब्द दिला होता.

आणि इथे निरोपाचा मेळावा. म्हणजे गाणी, आरडाओरडा, गळ्यात पडणं. दारातूनच हात हलवून परतायचं ठरवून तिनं दार ढकललं.

गच्चीवर चिटपाखरूही नसल्यासारखी शांतता होती.

पण सगळ्या होत्या. मास्क लावून, खुर्च्या लांब लांब टाकून बसल्या होत्या आणि हातांनी बोलत होत्या. कुणीतरी बोटांनीच विनोद केला, तशा साऱ्याजणींचे खांदे गदगदले. मधोमध बसली होती वर्गातली ऐकू न येणारी मुलगी. एरवी मेळाव्यात ती कोपऱ्यात बसून ओठ वाचायची. मास्क आल्यापासून तेही गेलं होतं. आज मात्र ती एकेकीच्या चुका काढत होती.

“ओरडून बोललं की जंतू जास्त पसरतात म्हणे,” दाराजवळची मैत्रीण हळूच म्हणाली. “त्यात तुझे बाबा. म्हणून आवाजच बंद. महिनाभर हिची शिकवणी लावली होती.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तुला? अख्ख्या गावाला कळलं असतं!”

ढोलकी हसली नाही. उतरत्या उन्हात ते सगळे हात वर होत होते, थांबत होते, एकमेकांची वाट पाहत होते. देवळात शिरताना पाऊल जसं आपोआप हलकं पडतं, तशी ती आत आली आणि कडेच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

बऱ्याच वेळानं तिनं मधल्या मुलीकडे पाहून हवेत खिडकी काढली. पलीकडे एक माणूस दाखवला, त्याची धाप दाखवली. मग स्वतःचे हात पुढे केले. शिकव.

सकाळी बॅग पाठीवर टाकून ती निघाली. हात मोकळे होते. रिकाम्या रस्त्यानं चालताना ती ‘मी आले’ची खूण पुन्हा पुन्हा करून पाहत होती, आणि मग, अगदी सावकाश, बाबांनी द्यायच्या उत्तराची.