दार उचलून लावायचं

आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार कधीच सरळ लागलं नाही. त्याच्या एका बिजागरीने फार पूर्वीच अंग काढून घेतलं होतं, आणि तेव्हापासून घरातल्या माणसांना आणि पाहुण्यांना एकच सूचना असायची: दार उचलून लावायचं. एक हात कडीला, दुसरा मधल्या आडव्या पट्टीला, जरासं वर, मग ओढायचं. नुसतं ओढलं तर ते फरशीला घासून मध्येच अडायचं. असं दार आपटता येत नाही. आमच्याकडे भांडणं भरपूर होती, आपटाआपटीची सोय मात्र नव्हती.

माझ्या धाकट्या भावाने सिनेमा काढायचं ठरवलं तेव्हा त्याच्याजवळ मित्राचा कॅमेरा होता, एक गोष्ट होती आणि मी होते. एवढ्यावर त्याने कंपनी काढली. मोठ्या कंपनीत खाती असतात, आमच्या कंपनीत नाती होती. नायिका मी, आणि शिवणकाम माझं म्हणून कपडेपटही माझाच. नवरा वायरमन, म्हणून प्रकाशयोजना त्याच्या गळ्यात. सासूबाईंना सासूचं काम दिलं, आणि त्यांच्यासमोर मला अभिनय करावाच लागला नाही. शेजारचे काका काठीला माइक बांधून उभे राहायचे आणि खोकला आला की हात वर करायचे. धाकटा म्हणाला, "दिवा जरा डावीकडे," की नवरा कुरकुरत दिवा डावीकडे सरकवायचा. संपलं काम.

गोष्टीतली बाई शेवटी घर सोडून कायमची जाते. धाकट्याने लिहिलं होतं, ती धाडकन दार आपटून निघते. मी तावातावाने बाहेर पडले, दार ओढलं, ते अडलं. कॅमेरा चालू होता, पण हाताला कुठे माहीत. मी वळले, दार उचलून लावलं, नीट लागलं का ते दाबून पाहिलं आणि गेले. धाकटा 'कट' म्हणायचंच विसरला. मग म्हणाला, "ताई, मी लिहिलं होतं ते खोटं होतं गं."

एका शाळेच्या हॉलमध्ये तो सिनेमा दाखवला. संपल्यावर दिवे लागले तरी लोक उठले नाहीत. मला त्या प्रसंगाचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. या घरात बाकी काहीच माझ्या नावावर नाही.

त्या हॉलमध्ये मोठ्या कंपनीच्या एक मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या कंपनीत म्हणे छोट्या चित्रपटांचं एक मोठं खातं आहे. मॅडम घरी आल्या, ओट्यावरून मायेने हात फिरवला आणि म्हणाल्या, "हाच सिनेमा आपण नव्याने, मोठा करायचा. पण तुमचा छोटेपणा आम्हाला जपायचाय."

"जपा की," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडे भरपूर आहे."

माझ्या भूमिकेसाठी माझी चाचणी झाली. एका गृहस्थांनी ती बघून सांगितलं, "काम छान आहे, पण अशा स्वयंपाकघरात राहणाऱ्या वाटत नाहीत." मी घरी येऊन त्याच स्वयंपाकघरात बसून रडले. भूमिका एका प्रसिद्ध नटीला गेली. तेव्हा धाकट्याने कंपनीपुढे अट ठेवली: दिग्दर्शन तो करणार आणि शेवटचा प्रसंग आहे तसाच राहणार, दारासकट. मला म्हणाला, "तू नसलीस तरी तुझं दार असेल. शब्द देतो." मी तो शब्द धरून बसले. दुसरं धरायला काही नव्हतंच.

कंपनीने अट इतक्या पटकन मान्य केली की तिथेच शंका यायला हवी होती. दुसऱ्याच आठवड्यात कलाखात्याची माणसं हातमोजे घालून आली आणि आमचं दार काढून, ब्लँकेटमध्ये गुंडाळून घेऊन गेली. दवाखान्यात नेताना सासूबाईंनासुद्धा आम्ही इतकं जपलं नव्हतं. बदल्यात नवं दार मिळालं. गुळगुळीत, हलकं, एका बोटाने लागणारं. मलाही एक पद मिळालं, अस्सलपणा सल्लागार. गळ्यात कार्ड आणि बसायला खुर्ची.

स्टुडिओत आमचं स्वयंपाकघर पुन्हा उभं राहिलं होतं, फक्त दुप्पट मोठं. भिंतीवर तेलाचे डाग पाडायला एक स्वतंत्र माणूस होता. त्याने मला गंभीरपणे विचारलं, "हा डाग नेमका कसा पडला असेल?"

"तेल उडून," मी म्हटलं.

तो तेल उडवायची परवानगी आहे का, ते विचारायला त्याच्या साहेबाकडे गेला. तो संध्याकाळपर्यंत परत आला नाही. धाकटाही तिथे नुसतं "दिवा डावीकडे" म्हणू शकत नव्हता. ते एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने प्रकाशखात्याला, आणि तिकडून उत्तर यायचं की मॅडमना विचारतो. बारभाईचा कारभार नुसता. पण सगळे फार अदबीने बोलायचे, तेवढं कबूल करायला हवं.

शेवटच्या प्रसंगाचा दिवस आला. नटी वाईट नव्हती. माझ्याकडून दार उचलायचं कसं ते शिकून गेली होती, दोन्ही हात अगदी जागच्या जागी. कॅमेरा सुरू झाला, ती तावातावाने बाहेर पडली, तिने दार ओढलं, आणि ते लागलं. टक्.

पुन्हा केलं. पुन्हा टक्.

चौकशी झाली तेव्हा सुतारकाम खात्याचे प्रमुख स्वतः आले, शाबासकी घ्यायला आल्याच्या थाटात. "अहो, फार खराब माल पाठवला होता कलाखात्याने. फरशीला घासत होतं. आम्ही नवी बिजागरी बसवली, खालून रंधा मारला. आता बोट लावा, बंद."

दार अडतं म्हणून एका खात्याने ते आणलं होतं, आणि दार अडतं म्हणून दुसऱ्याने ते दुरुस्त केलं होतं. सुतारांचा काय दोष? त्यांना सिनेमाची गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. गोष्टीचं खातं वेगळं.

मग दारासमोरच बैठक भरली. एक म्हणाला, तार बांधून दार मागे खेचू. दुसरा म्हणाला, कॉम्प्युटरवर अडवू. तिसऱ्याच्या मते दाराची गरजच नव्हती, संगीत पुरेल. नवी बिजागरी काढून पाहावी, असं मी म्हटलं, पण सल्लागाराने सल्ला लेखी द्यायचा असतो असं कळलं. शेवटी मॅडम गोड हसून म्हणाल्या, "दार लागतंय ना? मग आपटूच या. बाईचा निर्धार दिसेल."

मी धाकट्याकडे पाहिलं. तो बुटांकडे पाहत होता. एवढी माणसं थांबलीत, दिवे तापलेत, सगळे आपल्याकडे बघताहेत, हे सगळं मला त्याच्या मानेवरून कळत होतं. तरी मी वाट पाहिली.

"बघू आपटून," तो म्हणाला.

नटीने दार आपटलं. काय आवाज आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सुतारांनी सगळ्यात जास्त. मी गळ्यातलं कार्ड काढून खुर्चीवर ठेवलं आणि घरी आले.

संध्याकाळी धाकटा मागच्या दाराने आला. मी चहा पुढे ठेवला. तो कप बशीत फिरवत राहिला.

"माझ्या हातात नव्हतं, ताई."

"तोंडात होतं," मी म्हटलं.

तो अर्धा चहा तसाच ठेवून उठला. दाराबाहेर जाऊन वळला, आणि लहानपणापासून या घरात येऊन-जाऊन जी सवय लागली होती, तिनेच त्याचा एक हात कडीला गेला, दुसरा मधल्या पट्टीच्या जागी. त्याने सगळा जोर लावून दार उचललं. नव्या दाराला वजनच नाही. ते त्याच्या हातातून सुटलं आणि धाडकन आपटलं. मांडणीवरची भांडी हादरली. मोठ्या कंपनीला हवा होता, अगदी तसाच आवाज. आमच्या घरात तो पहिल्यांदाच झाला.

सासूबाई आतून म्हणाल्या, "दार आपटून गेला का गं तो?"

बाहेर पावलं वाजत नव्हती. तो तिथेच उभा होता.

"नाही," मी जरा मोठ्याने म्हटलं. "उचलून लावायला गेला."